तीन वार होण्यापूर्वी

‘एक वार, दोन वार, तीन वार!’ ही आरोळी कधीच ऐकलेली नाही, असा ज्येष्ठ नागरिक मराठी मुलखात विरळाच. बाजार समितीच्या आवारात शेतमालाच्या ढिगाभोवती, कचेरीसमोर जप्तीचा माल विकला जाताना, अथवा गावच्या उत्सवात देवापुढच्या नारळासाठी ती आपण ऐकलेली असते. गोव्यातील देवळांत देवाला वाहिलेल्या वस्तूंची अशीच पावणी होते. तेथे एखाद्या नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि ती देणाऱ्याला पश्चात्ताप होत नाही. पैसा देवस्थानाला जातो, किती जातो हे सारा गाव पाहत असतो आणि बोलणाऱ्याची ऐपत काय, हेही गावाला ठाऊक असते. बोली फारच वर जाऊ लागली, तर शेजारी उभा असलेला कोणी हळूच कोपर धरतो. ‘पुरे आता’ असे म्हणणारे माणूस त्या लिलावात हजर असते.

आता लिलाव खिशातल्या फोनमध्ये आला आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, जेवण झालेले असते, रक्तदाबाची गोळी घेतलेली असते आणि घर निजलेले असते. पडद्यावर तांब्याचे एक नाणे दिसत असते, शेजारी उलटे मोजणारे घड्याळ चालू असते आणि कोणा अज्ञात स्पर्धकाने आपल्यापेक्षा दोनशे रुपये अधिक बोलल्याची सूचना आलेली असते. बोट पुढे सरकते, पुन्हा सरकते. या लिलावात कोपर धरणारे कोणी नसते. जुनी नाणी, टपालतिकिटे, नोटा, घड्याळे, पितळी दिवे, अडकित्ते अशा संग्राह्य वस्तूंची ऑनलाइन लिलावातील आवेगी खरेदी हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. झोप, रक्तदाब, उतारवयातील पुंजी, घरातला परस्परविश्वास आणि क्वचित प्रसंगी मेंदूच्या आजाराची पहिली खूण या साऱ्यांशी त्याचा संबंध असल्याने तो येथे घेतला आहे.

छंद दोषी नाही

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संग्रह करणे हा मुळात निरोगी छंद आहे. त्यात वाचन आहे, स्मरणशक्तीला व्यायाम आहे, समानशील माणसांशी मैत्री आहे आणि उद्याच्या दिवसाची उत्सुकता आहे. निवृत्तीनंतर ही उत्सुकता औषधाइतकीच मोलाची असते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका माणसाचा छंद कोठवर जाऊ शकतो हे सांगायला नको. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू आयुष्यभर हिंडून जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. बालवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दुःखाला वळण देण्याचे सामर्थ्य छंदात किती असते, याचे हे उदाहरण होय.

मात्र त्या संग्रहामागे गावोगावची पायपीट होती, वस्तू हातात घेऊन पारखणे होते, विकणाऱ्याशी तासन्तास बोलणे होते. इच्छा होणे आणि वस्तू घरी येणे या दोहोंमध्ये पुष्कळ अंतर होते. ऑनलाइन लिलावाने नेमके ते अंतर पुसून टाकले आहे. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये आता काही सेकंद उरले आहेत. ते अंतर प्रयत्नपूर्वक पुन्हा निर्माण केले, तर छंदही टिकतो आणि पुंजीही.

ज्येष्ठांच्या बाबतीत या मोहाला आणखी एक धार असते. ज्यांचे बालपण आणे-पैच्या काळात गेले, त्यांच्या स्मरणात भोकाचा पैसा आहे, ढब्बू पैसा आहे. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाचा ‘नया पैसा’ ज्यांनी मुठीत धरून गोळ्या-बिस्किटे आणली, त्यांना त्या नाण्याचे चित्र दिसताच वडिलांची बंडी आठवते, आईचा फडताळातला डबा आठवतो. अशा वेळी आपण धातूच्या तुकड्यावर बोली लावत नसतो; हरवलेल्या घरावर लावत असतो. त्या घराची किंमत कोणालाच ठरवता येत नाही आणि म्हणूनच बोली कोठे थांबवावी हेही कळत नाही. आठवण खरी असते, तिची किंमत मात्र विक्रेत्याने ठरवू नये.

लिलावात मनाचे काय होते?

दुकानात आपण वस्तू विकत घेतो, लिलावात ती ‘जिंकतो’. भाषेतला हा फरक मेंदूलाही जाणवतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना एकदा लॉटरी आणि एकदा दुसऱ्या माणसाविरुद्ध लिलाव असे खेळ देऊन त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. बक्षिसाच्या अनुभवाशी निगडित असलेल्या स्ट्रायाटम या भागात, लॉटरी हरण्यापेक्षा लिलाव हरण्याची प्रतिक्रिया अधिक तीव्र आढळली. ज्यांच्यात ती अधिक तीव्र, त्यांची बोलीही अवाजवी. पुढे संशोधकांनी काहींना ‘जिंकलात तर पंधरा डॉलर मिळतील’ असे सांगितले. इतरांना पंधरा डॉलर आधीच देऊन ‘हरलात तर परत करावे लागतील’ असे सांगितले. हिशेब तोच, तरी दुसऱ्या गटाने अधिक चढी बोली लावली. लिलावात आपल्याला पुढे ढकलते ती वस्तू मिळण्याची आशा तर खरीच, पण त्याहून अधिक ती हातची जाण्याची भीती.

त्यात डोपामिन या मेंदूतील रसायनाची भर पडते. हे रसायन केवळ सुख मिळाल्यावर स्रवते असे नाही. सुख मिळण्याची चाहूल लागली की त्याचे कार्य सुरू होते. म्हणूनच शेवटच्या मिनिटातली उत्कंठा प्रत्यक्ष पार्सल उघडण्यापेक्षा अधिक गोड वाटते. पार्सल चार दिवसांनी येते, तोवर मन दुसऱ्या लिलावात गुंतलेले असते. न उघडलेली पार्सले कपाटात साचू लागली, तर आपण वस्तू जमवत नसून उत्कंठा विकत घेत आहोत, हे ओळखावे.

हरण्याची भीती हा एक सापळा झाला. जिंकण्यातही दुसरा दडलेला असतो. बॉस्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे नाण्यांनी व इतर छोट्या वस्तूंनी भरलेल्या बरण्यांचा लिलाव केल्याचा एक प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक बरणीचे मूल्य ८ डॉलर होते, पण ते विद्यार्थ्यांना सांगितलेले नव्हते. त्यांचा सरासरी अंदाज होता ५.१३ डॉलरचा, म्हणजे एकंदरीने त्यांनी मूल्य कमीच धरले होते. तरीही जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलरची निघाली. कारण साधे आहे. लिलाव सरासरी माणूस जिंकत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो, तो जिंकतो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी १९७१ सालीच हे दाखवून दिले होते आणि अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. कसलेल्या तेल कंपन्या जेथे फसल्या, तेथे रात्री साडेदहाला चष्मा पुसत बसलेल्या माणसाने स्वतःला फार दोष देऊ नये. पण सावध मात्र व्हावे.

हौशीच्या पोटी माणूस काय घेईल, याचा नेम नसतो. ‘ईबे’ हे प्रसिद्ध लिलाव संकेतस्थळ १९९५ साली सुरू झाले, तेव्हा तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका आहे हे समजले आहे ना, असे खरेदीदाराला विचारता त्याने आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो, असे उत्तर दिल्याचे त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. त्या गृहस्थाला निदान आपण काय घेत आहोत हे माहीत होते. आपली अडचण बहुधा तेथेच असते.

जे दिसते ते असतेच असे नाही

शिवराईचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील बहुतेक नाणेसंग्रहांचा आरंभ या तांब्याच्या नाण्याने होतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे पाहून कोणाचेही मन भरून येते. पण शिवराई हे नाणे शिवछत्रपतींच्या काळापुरते मर्यादित राहिले नाही. पेशवाईतही ते अनेक टांकसाळींतून पाडले जात होते आणि इंग्रजी अमलातही बराच काळ लोकांच्या व्यवहारात होते. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या शिवरायांपैकी पुष्कळशा उत्तरकालीन आहेत आणि त्या अजिबात दुर्मीळ नाहीत. ‘शिवकालीन’ हा एक शब्द जोडला की त्याच नाण्याची बोली कित्येक पट होते. अक्षरांची ठेवण, रेषा, बिंदू, वजन यांचा अभ्यास असलेल्या माणसालाच त्यातला भेद कळतो, आणि तोही नाणे हातात घेतल्यावर. पडद्यावरच्या छायाचित्रात वजन कळत नाही, कडा कळत नाहीत, आम्लाने घासून चकचकीत केलेला पृष्ठभागही नीट दिसत नाही.

काही नाणी तर कधी नाणी म्हणून अस्तित्वातच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ सारखे एखादे साल असलेली, राम दरबाराचे अथवा मारुतीचे चित्र कोरलेली ‘नाणी’ लाखमोलाची म्हणून दाखवली जातात. कंपनीने असे चलन कधी काढले नाही. ती अलीकडच्या काळात बनवलेली टोकने आहेत. टपालतिकिटांतही तेच. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या महात्मा गांधींच्या तिकीटमालेतील दहा रुपयांचे तिकीट संग्राहकांना हवेहवेसे वाटते आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ आहेत.

याहून घातक प्रकार उलट दिशेने येतो. ‘तुमच्याकडील ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, ७८६ क्रमांकाची नोट किंवा वैष्णोदेवीचे नाणे द्या आणि लाखो रुपये मिळवा’ अशी जाहिरात येते. संपर्क साधला की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग दलाली अशी मागणी होते आणि विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह असलेला कागद पाठवला जातो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. एक नियम घरातल्या सर्वांनी पाठ करावा : पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

बोली म्हणजे किंमत नव्हे

प्रामाणिक लिलावातही हिशेब पाहणे आवश्यक असते. समजा, आपली १२,००० रुपयांची बोली स्वीकारली गेली. लिलावगृह त्यावर खरेदीदाराकडून स्वतःचा अधिभार घेते, त्यात कर मिळवला जातो. दोन्ही मिळून २० टक्के धरले तर २,४०० रुपये आणि विमा-टपालाचे ३०० रुपये झाले. वस्तू घरी आली तेव्हा ती १४,७०० रुपयांना पडली. उद्या हीच वस्तू विकायची झाली, तर व्यापारी स्वतःचा नफा वजा करूनच भाव सांगेल आणि लिलावात द्यावी तर विक्रेता म्हणून पुन्हा दलाली द्यावी लागेल. ‘ही खरेदी नव्हे, गुंतवणूक आहे’ हे वाक्य त्यामुळे फार जपून वापरावे. उतारवयातील गुंतवणुकीची पहिली अट अशी की, मध्यरात्री रुग्णालयात जावे लागले तर सकाळी तिचे रोख पैसे हाती यावेत. नाण्यांचा अल्बम ही अट पुरी करू शकत नाही.

कायदाही थोडा ठाऊक असावा. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार लिलाव पुकारणाऱ्याचा हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. पडल्यावर विक्री पूर्ण होते. भाव चढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोली लावल्या असतील, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. ऑनलाइन लिलावात प्रत्येक संकेतस्थळाच्या स्वतःच्या अटी असतात. त्या बोलीपूर्वी घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्याव्यात, विशेषतः वस्तू परत करण्याविषयीच्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. आणखी एक गोष्ट परदेशी मुले असलेल्यांसाठी : १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. नातवासाठी घेतलेली शिवराई अमेरिकेला जाणाऱ्या सुनेच्या बॅगेत घालू नये.

जेव्हा खरेदी हे लक्षण असते

आता या सदराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस अचानक बेसुमार खरेदी करू लागला, तर त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यापूर्वी त्याच्या औषधांची यादी पाहावी.

पार्किन्सनच्या विकारात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या प्रकारची डोपामिनसदृश काम करणारी औषधे दिली जातात. ती अनेकांना उपयुक्त ठरतात, पण काही रुग्णांत त्यांच्यामुळे आवेगावरचा ताबा सुटतो. जुगार, अति खाणे, अनिवार खरेदी अशा रूपांनी ते दिसते. अमेरिका व कॅनडातील ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३.६ टक्के रुग्णांत असा एखादा विकार आढळला आणि ५.७ टक्के रुग्णांत तो अनिवार खरेदीचा होता. या वर्गातील औषधे घेणाऱ्यांत प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. पाय सतत अस्वस्थ होण्याच्या विकारावरही हीच औषधे दिली जातात. नैराश्य व इतर मनोविकारांत वापरल्या जाणाऱ्या ॲरिपिप्राझोल या औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली असाच इशारा दिला आहे. परिणाम क्वचित होतो, पण होतो. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ही ओढ बहुधा ओसरते. मात्र औषध स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगावे, निर्णय त्यांनी घ्यावा. रुग्ण लाजेमुळे ही गोष्ट आपणहून सांगत नाही आणि डॉक्टरांच्या घाईत ती विचारलीही जात नाही. म्हणून काळजी घेणाऱ्याने ती काढावी.

दुसरी शक्यता स्मृतिभ्रंशाची. त्यातल्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या प्रकारात स्मरणशक्ती शाबूत असतानाच तारतम्य सुटते. एकच वस्तू पुन्हा पुन्हा घेणे, साठवणे, अनोळखी माणसावर झटकन विश्वास टाकणे ही लक्षणे आधी दिसतात. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने २०२० साली असे दाखवले की, पुढे डिमेन्शियाचे निदान झालेल्या काही व्यक्तींची देयके निदानाच्या सहा वर्षे आधीपासून थकू लागली होती. तिसरी शक्यता उन्मादाच्या अवस्थेची. झोप कमी, बोलणे जलद, बेत मोठे आणि खर्च अवाढव्य, असे चित्र काही दिवसांत उभे राहिले तर मनोविकारतज्ज्ञांकडे तातडीने जावे. आणि चौथी शक्यता सर्वांत साधी व सर्वांत अधिक आढळणारी : एकटेपणा. जोडीदार गेल्यानंतरच्या रिकाम्या रात्री लिलावातल्या सूचनांची टणटण ही कधीकधी घरातली एकमेव हाक असते. अशा वेळी बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतसेवा उपलब्ध आहे.

स्वतःसाठी काही मर्यादा

छंद चालू ठेवून मोह आवरायचा असेल, तर पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

वर्षभराची छंदाची रक्कम वर्षारंभी ठरवावी आणि ती वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. लिलावाचे व्यवहार केवळ त्याच खात्यातून करावेत. निवृत्तिवेतनाचे खाते व मुदतठेवी फोनशी जोडू नयेत. खाते रिकामे झाले की वर्ष संपले. संकेतस्थळावर कार्डाची माहिती साठवून ठेवू नये. दर वेळी ती टाकण्याचा कंटाळा हाच एक उपयुक्त अडसर आहे.

रात्री नऊनंतर बोली लावू नये. थकलेले मन हिशेब कमी करते आणि हुरहूर जास्त. शिवाय घड्याळाशी स्पर्धा करून छातीची धडधड वाढवली की झोप उडते, हे निराळे सांगायला नको. लिलावाच्या सूचना फोनमध्ये बंद करून ठेवाव्यात. नातवंडे हे काम दोन मिनिटांत करून देतात.

आवडलेल्या वस्तूवर एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी वहीत तिचे नाव, आपल्याला परवडणारी सर्व खर्चांसह कमाल रक्कम आणि ती का हवी याचे एक वाक्य लिहावे. ते वाक्य सुचले नाही, तर वस्तू नको आहे असे समजावे. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली लिलावांचा सिद्धान्त मांडताना एक तत्त्व सांगितले : जेथे विजेत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यावी लागते, तेथे आपली खरी कमाल रक्कम एकदाच सांगून मोकळे होणे हेच शहाणपणाचे. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक संकेतस्थळांवर स्वयंचलित बोलीची सोय याच धर्तीवर असते. आपली कमाल रक्कम एकदा नोंदवावी आणि फोन ठेवून द्यावा. मिळाली तर मिळाली. गेली, तर ती दुसऱ्याला आपल्यापेक्षा अधिक मोलाची वाटली, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक नाणी-तिकिटे पुन्हा बाजारात येतातच.

आणि खरेदीआधी वाचन व पाहणे वाढवावे. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था अशी स्थळे आपल्याकडे आहेत. जे आपल्याला कळते ते आपले असते. कपाटात असणे त्यासाठी आवश्यक नसते.

काळजी घेणाऱ्यांसाठी

वडिलांनी चार हजारांचे नाणे सहा हजारांना घेतल्याचे कळताच घरात पहिला प्रश्न येतो, ‘बाबा, किती पैसे उडवलेत?’ या प्रश्नानंतर खरेदी थांबत नाही, फक्त पार्सले शेजाऱ्यांच्या पत्त्यावर येऊ लागतात. पैशाचे नुकसान भरून येते. लपवाछपवीची सवय लागली की पुढची मोठी फसवणूकही घरी कळत नाही. म्हणून दुसरा प्रश्न विचारून पाहावा, ‘बाबा, हे नाणे कुठल्या टांकसाळीचे?’ ते सांगू लागले की ऐकावे. ज्याला घरात श्रोता मिळतो, त्याला रात्री अनोळखी स्पर्धकाची गरज कमी भासते.

फोन काढून घेणे, पिन परस्पर बदलणे, नातेवाइकांसमोर हिशेब मांडणे हे टाळावे. ज्या माणसाने चाळीस वर्षे संसाराचा हिशेब सांभाळला, त्याला आपला संसारातला अधिकार गेल्याची जाणीव अशाने होते आणि ती जाणीव आजारापेक्षा लवकर खचवते. त्याऐवजी दोघांनी मिळून संग्रहाची नोंदवही करावी. वस्तू, तारीख, किंमत, कोणाकडून घेतली, मागचा किस्सा असे रकाने आखून नातवंडाच्या हाताने लिहून घ्यावे. आपण तीच शिवराई तिसऱ्यांदा घेतली आहे, हे त्या वहीतून त्यांचे त्यांनाच कळते. कोणी सांगावे लागत नाही. पुढे वारसांनाही त्याच वहीचा उपयोग होतो. बँकेच्या व्यवहारांचे संदेश, आई-वडिलांच्या संमतीने, एका मुलाच्या वा मुलीच्या फोनवरही येतील अशी व्यवस्था करावी. संमती हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. आणि वागण्यातला बदल नवा, वाढता आणि न आवरणारा असेल, तर वाद न घालता औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

लिलावाची जुनी पद्धत आपण स्वतःपुरती पुन्हा सुरू करू शकतो. बोट पुढे नेण्यापूर्वी मनाशी तीनदा पुकारावे. एक वार : ही वस्तू मला खरोखर कळते का? दोन वार : ती वहीत लिहिलेल्या रकमेत बसते का? तीन वार : उद्या सकाळी चहाच्या वेळी ही खरेदी मी घरच्यांना सांगेन का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर खुशाल बोली लावावी आणि आलेली वस्तू सर्वांना दाखवावी. एकाचेही उत्तर अडखळले, तर फोन उशापासून दूर ठेवून दिवा मालवावा.